रथ चालतो कसा? श्रीजगन्नाथाची रथयात्रा आणि घर्षणाचे गणित

आषाढ शुद्ध द्वितीया हा पुरीच्या श्रीजगन्नाथाच्या रथयात्रेचा पुण्यदिवस. या सुमारास आपल्याकडे ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पंढरीची वाट चालत असतात. पश्चिमेकडे भक्त देवाच्या भेटीस निघतो आणि पूर्वेकडे देवच गाभारा सोडून भक्तांच्या भेटीस राजरस्त्यावर येतो. दोन्हीकडे मूळ प्रेरणा एकच, आणि दोन्हीकडे रथ आहे. हा रथ चालतो कसा, असा प्रश्न एखादे चौकस मूल घरात विचारते तेव्हा ‘देवाच्या इच्छेने’ असे सांगून आपण मोकळे होतो. उत्तर खोटे नाही. पण ते अपुरे आहे. ज्या ईश्वराच्या इच्छेने रथ चालतो, त्याच ईश्वराने लाकडाला खरखरीतपणा दिला, पदार्थाला भार दिला आणि माणसाला ते मोजण्याची बुद्धी दिली. त्या बुद्धीचा उपयोग करून आजच्या सणाच्या निमित्ताने हे गणित सोडवू या. ते केवळ मनोरंजनाचे नाही. त्याच्याशी भाविकांच्या जिवाची सुरक्षितताही निगडित आहे, हे शेवटी दिसून येईल.

तीन रथ

पुरीचे तीनही रथ दरवर्षी नव्याने घडविले जातात. अक्षय्य तृतीयेला कामाचा आरंभ होतो आणि परंपरेने हे काम करणारी सुतार मंडळी दोन महिन्यांत ते सिद्ध करतात. जगन्नाथाचा नंदिघोष सोळा चाकांचा, बलभद्राचा तालध्वज चौदा चाकांचा आणि सुभद्रेचा दर्पदलन बारा चाकांचा. नंदिघोषाची उंची सुमारे ४५ फूट. काथ्याचे जाडजूड दोर रथांना बांधतात आणि श्रीमंदिराच्या सिंहद्वारापासून गुंडिचा मंदिरापर्यंतचे सुमारे ३ किलोमीटरचे अंतर सहस्रावधी हात हे रथ ओढीत नेतात. त्यापूर्वी पुरीचे गजपती महाराज सुवर्णाच्या झाडूने रथ झाडतात. ज्या रस्त्यावर राजा झाडूवाला होतो, तेथे ओढणाऱ्यांत लहान-थोर हा भेद उरत नाही, हे वेगळे सांगावयास नको.

आधी भार, मग घर्षण

हिशोबासाठी सोपे आकडे गृहीत धरू. समजा, देव, सेवेकरी आणि लाकूडफाटा धरून एका रथाचे वस्तुमान ५० टन, म्हणजे ५०,००० किलोग्रॅम आहे. पृथ्वी प्रत्येक किलोग्रॅमला सुमारे १० न्यूटन बलाने खाली ओढते. म्हणून रथाचा भार ५,००,००० न्यूटन झाला. आता हा रथ सपाट रस्त्यावर पुढे न्यावयाचा आहे. पुढे नेताना आपण त्याला उचलीत नाही. मग हा सगळा भार आपल्याला का जाणवावा? तो जाणवतो घर्षणाच्या रूपाने.

१६९९ मध्ये आमाँताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने आणि पुढे अठराव्या शतकातच कुलाँब या अभियंत्याने घर्षणाचे नियम प्रयोगांनी स्पष्ट केले. त्यांचे सार असे : दोन कोरडे पृष्ठभाग एकमेकांवर घासताना होणारा विरोध हा त्यांना एकमेकांवर दाबणाऱ्या भाराच्या प्रमाणात असतो, घासणारे क्षेत्र लहान की मोठे यावर तो अवलंबून नसतो. भाराचा जेवढा हिस्सा घर्षणापोटी द्यावा लागतो, त्याला घर्षणांक म्हणतात. शिवाय वस्तू थांबलेली असता हा हिस्सा अधिक असतो आणि चालू लागल्यावर तो कमी होतो. लाकडावर लाकडासाठी आपण तो थांबलेल्या स्थितीत ०.६ आणि चालत्या स्थितीत ०.४ धरू.

समजा, रथाला चाके नाहीत आणि तो नुसता फळ्यांवरून घसटत न्यावयाचा आहे. मग तो हलविण्यासाठी ५,००,००० च्या ०.६ पट, म्हणजे ३,००,००० न्यूटन बल लागेल. आणि हलल्यावर चालू ठेवण्यासाठी २,००,००० न्यूटन. एक माणूस दीर्घकाळ ओढताना सुमारे २०० न्यूटन बल लावतो असे मानले, तर हलविण्यास १,५०० माणसे आणि पुढे नेण्यास १,००० माणसे लागतील. तीही एकाच क्षणी, एकाच दिशेने ओढणारी.

चाकाचा उपकार

आता त्याच रथाला चाके लावू. चाकाची त्रिज्या १ मीटर आणि ज्यावर ते फिरते त्या आसाची त्रिज्या १० सेंटिमीटर धरू. चाक लावल्याने घर्षण नाहीसे होत नाही, ते जागा बदलते, हे येथे नीट ध्यानात घेतले पाहिजे. रस्ता आणि चाक यांच्यामध्ये आता घासणे जवळजवळ नाही. घासणे आहे ते आस आणि तुंबा यांच्यामध्ये. चाक एकदा फिरले की रथ चाकाच्या परिघाइतका पुढे जातो, परंतु घासणे होते ते आसाच्या परिघाइतकेच. आसाची त्रिज्या चाकाच्या एक-दशांश. म्हणून रथ ३ किलोमीटर गेला तरी घासण्याची वाट अवघी ३०० मीटर झाली.

वाट दहापट घटली म्हणून ओढही दहापट घटली. आता रथ हलविण्यास ३०,००० न्यूटन, म्हणजे १५० माणसे. आणि चालू ठेवण्यास २०,००० न्यूटन, म्हणजे १०० माणसे पुरतील. हजारांचे काम शंभरांवर आले. ज्या अज्ञात पुरुषाने प्रथम चाक घडविले, त्याला मानवजातीने कोणत्या शब्दांत वंदन करावे!

मग नंदिघोषाला सोळा चाके कशासाठी? घर्षण चाकांच्या संख्येवर नव्हे तर एकूण भारावर ठरते, हे वर पाहिलेच. अधिक चाकांचा उपयोग भार वाटून घेण्यासाठी. भार वाटला की कोणताही एक आस मोडत नाही आणि कोणतेही एक चाक भूमीत रुतत नाही. रुतण्याचे महत्त्व महाभारताच्या श्रोत्यांना सांगावयास नको. कर्णपर्वात कर्णाच्या रथाचे चाक भूमीने गिळले आणि तो महारथी रथाखाली उतरून हातांनी चाक उचलू लागला. असे का व्हावे? एक मीटर त्रिज्येचे चाक केवळ १० सेंटिमीटर रुतले, तर ते त्या खळग्यातून वर काढण्यासाठी त्या चाकावरील भाराच्या जवळजवळ निम्मे बल पुढे लावावे लागते. सपाटीवर हाच हिस्सा भाराच्या शंभरात चार इतका होता. म्हणजे चार बोटे-वीतभर मातीने ओढ बारापट वाढविली. शाप खराच, पण शापानेही आपले काम भूमीच्या नियमांतूनच करून घेतले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

कणादमुनींचे दर्शन

हा विचार आपल्या दर्शनांना परका नाही. वैशेषिक दर्शनाचे प्रणेते कणादमुनी यांनी बाणाचे उदाहरण घेऊन सांगितले आहे की, पहिली गती नोदनामुळे, म्हणजे ढकलण्यामुळे उत्पन्न होते. पुढची गती त्या गतीने निर्माण केलेल्या संस्कारामुळे चालू राहते. आणि संस्कार संपला की गुरुत्वामुळे बाण पडतो. त्यांचे भाष्यकार प्रशस्तपाद यांनी वेग हा संस्काराचाच एक प्रकार मानून स्पर्शयुक्त द्रव्याच्या संयोगाने तो नष्ट होतो असे म्हटले आहे. रथाचा वेग आसाच्या आणि रस्त्याच्या स्पर्शाने क्षीण होतो, हे आपण रोज पाहतोच.

मात्र यावरून न्यूटनचे सर्व सिद्धांत आमच्या ग्रंथांत आधीच होते, असा अट्टाहास कोणी धरू नये. कणादांनी मोजमाप दिले नाही. ते पुढच्या शतकांतील प्रयोगकर्त्यांनी दिले. पूर्वजांचे श्रेय पूर्वजांना आणि इतरांचे इतरांना देणे हाच धर्म. परंतु पदार्थाचे गुणधर्म जाणणे हे श्रेयसाच्या मार्गातील पाऊल आहे, अशी त्या दर्शनाची भूमिका आहे आणि तेवढी आपल्याला पुरेशी आहे. याच दर्शनात ‘स्नेह’ हा एक गुण सांगितला आहे. स्नेह म्हणजे ओलावा, चिकणपणा. आणि व्यवहारात स्नेह म्हणजे तेल, आणि स्नेह म्हणजे प्रेमही! बैलगाडीच्या आसाला वंगण घातले की करकर थांबते आणि बैलांचे श्रम हलके होतात. घर्षणांक ०.४ वरून ०.२ वर आला, तर ओढ निम्मी होते. संसाराच्या गाड्यालाही हाच उपाय लागू आहे, हे सूज्ञांस सांगणे न लगे.

कार्य आणि श्रम

बल लावून वस्तू जेवढी सरकली, त्या दोहोंचा गुणाकार म्हणजे पदार्थविज्ञानातील ‘कार्य’. चाकांच्या रथासाठी २०,००० न्यूटन गुणिले ३,००० मीटर, म्हणजे ६ कोटी ज्यूल. एक ज्यूल म्हणजे शंभर ग्रॅम खडीसाखरेची पुडी एक मीटर उचलण्याचे कार्य. चाकांविना हाच आकडा ६० कोटी झाला असता. शंभर माणसांत वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्यास ६ लाख ज्यूल येतात. शरीर अन्नातील शक्तीचा सुमारे एक-चतुर्थांश भागच अशा कार्यात आणू शकते आणि एका पोळीतून साधारण ४ लाख २० हजार ज्यूल मिळतात असे धरले, तर प्रत्येक ओढणाऱ्याला या सेवेसाठी पाच-सहा पोळ्यांचे अन्न खर्चावे लागते. अन्नाला पूर्णब्रह्म का म्हणावे, ते असे आकड्यांतही दिसते.

ही सहा कोटींची शक्ती गेली कोठे? रथ आरंभी उभा होता आणि गुंडिचा मंदिरापाशी पोचल्यावरही उभाच आहे. चालताना, सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने, त्याच्यात साठलेली गतिज ऊर्जा केवळ ६,२५० ज्यूल असते. बाकी सारे आस, तुंबा आणि रस्ता यांत उष्णता होऊन गेले. एवढ्या उष्णतेने सुमारे २०० लिटर पाणी उकळीस आले असते! कार्य आणि उष्णता यांचे हे नाते ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४० च्या दशकात प्रयोगांनी सिद्ध केले; म्हणूनच कार्याच्या मापाला त्याचे नाव आहे.

येथे एक गमतीचा आणि थोडा मनाला लागणारा प्रश्न उपस्थित होतो. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन आळंदीहून पंढरीपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालणारी माउली वृंदावनावर किती कार्य करते? वृंदावनाला आधार देणारे बल वरच्या दिशेला आणि सरकणे आडव्या दिशेला. म्हणून सपाट वाटेवर त्या आधारबलाचे कार्य शून्य. तसेच जे दोर ताणून उभे राहिले, पण ज्यांच्या हाती असताना रथ तसूभरही हलला नाही, त्यांचेही कार्य शून्य. परंतु कोणी खट्टू होऊ नये. शास्त्राने ‘कार्य’ हा शब्द एका मर्यादित अर्थाने वापरला आहे. श्रम शून्य झाले असे ते म्हणत नाही. स्नायू ताणलेले ठेवण्यासही शरीर अन्न जाळीतच असते. आणि भक्तीचे मोजमाप तर न्यूटन-मीटरमध्ये होतच नाही. शब्दाची मर्यादा ओळखणे हे शास्त्राचे आणि अध्यात्माचे समान लक्षण आहे.

दिवे घाटातील बैलजोड्या

सपाटी सोडून चढाकडे वळू. माउलींच्या पालखीचा रथ पुण्याहून सासवडकडे जाताना दिवे घाट चढतो, तेव्हा नेहमीच्या बैलांच्या पुढे आणखी बैलजोड्या जुंपाव्या लागतात. याचेही गणित सोपे आहे. रथ २ टनांचा, म्हणजे भार २०,००० न्यूटन मानू. घर्षणापोटी शंभरात तीन धरले, तर सपाटीवर ओढ ६०० न्यूटन. घाटात शंभर मीटर चालल्यावर पाच मीटर चढ असेल, तर भाराचे शंभरात पाच, म्हणजे १,००० न्यूटन त्यात मिळवावे लागतात. एकूण १,६०० न्यूटन, अडीचपटीहून अधिक. म्हणून अधिक बैल.

या दोन विरोधांत मात्र एक मोठा भेद आहे. घर्षणाला दिलेले श्रम उष्णता होऊन जातात, ते परत मिळत नाहीत. उंची चढण्यासाठी दिलेले श्रम साठून राहतात आणि उतारावर परत मिळतात. भांडणात घालविलेले आयुष्य आणि साधनेत घालविलेले आयुष्य यांत हाच फरक नाही काय? पहिल्याची केवळ आंच उरते. दुसऱ्याची उंची उरते.

थांबविणे हेही शास्त्र

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. थांबलेला रथ हलविण्यास १५० माणसे आणि चालता ठेवण्यास १००. म्हणजे रथ हलला त्या क्षणी ५० माणसांचे, १०,००० न्यूटन बल अधिकचे ठरले. ते रथाचा वेग वाढवू लागते आणि पाच सेकंदांत तो सेकंदाला एक मीटर वेगाने चालू लागतो. रथ आधी अडतो आणि मग एकाएकी झेपावतो, याचे कारण हे. आणि दोराला शेकडो नव्हे तर हजार माणसे झोंबली असतील, तर एका सेकंदातच वेग धावत्या माणसाइतका, सेकंदाला तीन मीटरच्या वर जाईल.

दोर ढिला सोडल्यावर रथ किती अंतरात थांबेल? एक मीटर वेगाने त्याची गतिज ऊर्जा २५,००० ज्यूल; ती २०,००० न्यूटन घर्षणाने संपावयास सव्वा मीटर, म्हणजे चार फूट लागतात. वेग तीनपट झाला की ऊर्जा नऊपट होते आणि रथ सुमारे ११ मीटर, म्हणजे ३७ फूट पुढे गेल्यावाचून थांबत नाही. वेग तीनपट, अंतर नऊपट. हे प्रत्येक भाविकाने मनावर कोरून ठेवावे. चाकाजवळ पडलेल्या माणसापाशी चार फूटही नसतात. आणि रस्त्याला शंभरात चार एवढा उतार असेल, तर या उदाहरणातील रथ दोर सोडल्यावरही आपोआप थांबणारच नाही. तो पाचराने किंवा अडथळ्यानेच रोखावा लागेल. तामिळनाडूतील तिरुवारूरचा ९६ फूट उंचीचा सुप्रसिद्ध रथ याच कारणाने पुढे यांत्रिक ब्रेकांनी सज्ज करण्यात आला. देवाच्या रथाला ब्रेक लावल्याने त्याचे पावित्र्य उणावले नाही.

जगन्नाथाच्या नावावरून इंग्रजीत समोर येईल ते चिरडीत जाणाऱ्या अजस्र वस्तूसाठी एक शब्द रूढ झाला. जगाच्या नाथाच्या नावाला हा अर्थ चिकटावा, याहून दुःखाची गोष्ट कोणती? तो पुसणे आपल्या हाती आहे. २७ एप्रिल २०२२ रोजी तंजावरजवळच्या काळिमेडू येथे रथ वरच्या विद्युत्तारेला लागून अकरा जणांचा अंत झाला. २९ जून २०२५ च्या पहाटे पुरीतच गुंडिचा मंदिराजवळ चेंगराचेंगरीत तीन भाविक मृत्युमुखी पडले. त्या घरांतून देवदर्शनास गेलेली माणसे परत आली नाहीत. हे दैवाच्या माथी मारून आपण सुटू शकत नाही. गर्दीचे बल, रथाचा वेग आणि मार्गावरील मोकळी जागा या तिन्ही गोष्टी माणसाला आधी मोजता येण्याजोग्या आहेत.

दोराला हात लावताना

पुरीच्या रथावर डाहुक नावाचा सेवेकरी असतो. त्याच्या बोलीवर आणि घंटानादावर सर्वांनी मिळून ओढावयाचे, अशी जुनी रीत आहे. शास्त्राच्या दृष्टीने ही रीत अत्यंत सूक्ष्म आहे. दीडशे माणसे एकाच क्षणी ओढतील तर रथ हलतो. तीच माणसे आपापल्या लहरीने आळीपाळीने ओढतील तर दिवसभरात हलणार नाही. दिशेचेही तेच. दोराच्या सरळ रेषेशी साठ अंशांच्या कोनात ओढणाऱ्याचे अर्धेच बल रथाला मिळते. उरलेले शेजाऱ्याला रेटण्यात जाते. म्हणून दोराला हात लावावयाचा तर संकेत ऐकावा, सरळ ओढावे, ‘थांबा’ म्हणताच सोडावे, आणि चाकाच्या आसपास कोणीही, विशेषतः मुलांना घेऊन, जाऊ नये. आषाढसरींनी रस्ता ओला असेल तर पाय अधिक जपावेत. कारण साठ किलो वजनाच्या माणसाला २०० न्यूटन ओढावयाचे तर पायाखाली भाराच्या एक-तृतीयांश घर्षण हवे. आसात नको असलेले घर्षण तळपायाखाली मात्र हवेच असते. ज्याला आपण विरोध म्हणतो, तोच योग्य जागी आधार होतो.

ज्याला दोरापर्यंत पोचता आले नाही त्याने दुरून हात जोडावेत. शंभरांनी चालणाऱ्या रथाला एक हजार एकावा हात लावल्याने रथाचे काही वाढत नाही. एक पाऊल मागे घेतल्याने मात्र कुणाचा तरी जीव वाचतो, आणि तीही जगन्नाथाचीच सेवा होय.

आषाढ शुद्ध दशमीला हे रथ परत फिरतात आणि एकादशीला सिंहद्वारासमोर रथावरच देवांना सुवर्णवेष चढतो. त्याच दिवशी चंद्रभागेच्या तीरी आपली आषाढी असते. तेथे सोन्याने मढलेला जगन्नाथ, येथे तुळशीमाळ ल्यालेला विठ्ठल. दोन्ही ठिकाणी गेलेली प्रत्येक व्यक्ती सुखरूप घरी परतावी, हेच या आषाढात दोन्ही देवांकडे मागणे.